दिसले ते आणि मानले ते : रसायनाच्या प्राथमिक प्रयोगांतील निरीक्षणे व प्रमाद

उच्च प्राथमिक वर्गांच्या विज्ञानविषयात रसायनाचे जे प्रयोग येतात, त्यांस लागणारे साहित्य अल्प असते. मेणबत्ती, काचेचा पेला, पाण्याची परात, खाण्याचा चुना, लिंबू व हळद एवढ्यावर बहुतेक प्रयोग होऊ शकतात. त्यामुळे प्रयोगशाळा नाही म्हणून प्रयोग नाही, ही सबब खेड्यातील शाळेसही सांगता येत नाही. खरी अडचण निराळीच आहे. प्रयोग होतो, मुले तो पाहतातही. परंतु वहीत जे उतरते ते पुष्कळदा मुलांनी पाहिलेले नसते, पाठ्यपुस्तकात छापलेले असते.

हा दोष क्षुल्लक समजू नये. पेल्यात पाणी जवळजवळ तिसऱ्या भागापर्यंत चढलेले मुलाने पाहिले आणि फळ्यावर ‘पाचवा भाग’ असे वाचून वहीत पाचवा भाग लिहिले, तर त्या तासात त्याचे रसायन वाढले नाही. आपल्या डोळ्यांस दिसलेले खोडावे व गुरुजींना हवे ते लिहावे, हाच धडा त्याने घेतला. उलट, ज्याने प्रामाणिकपणे तिसरा भाग लिहिला त्याच्या वहीत तांबड्या शाईची फुली पडली, तर पुढल्या प्रयोगास तोही शहाणा होतो. विज्ञानशिक्षणाचा हेतू असा दोन्हीकडून बुडतो. म्हणून निरीक्षण कशास म्हणावे, प्रमाद कोठून शिरतात आणि अपेक्षेहून वेगळे उत्तर आल्यास काय करावे, यांचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

१. निरीक्षण आणि अनुमान

ज्ञानेंद्रियांना जे प्रत्यक्ष कळले ते निरीक्षण. त्यावरून बुद्धीने जे ठरविले ते अनुमान. व्याख्या सोपी आहे, पण व्यवहारात दोहोंची सतत सरमिसळ होते. ‘ज्योत विझली’ हे निरीक्षण आहे. ‘प्राणवायू संपल्यामुळे ज्योत विझली’ हे अनुमान आहे. ‘चुन्याची निवळी दुधाळ झाली’ हे निरीक्षण आहे. ‘निवळीत कर्बद्विप्राणिद वायू (हल्लीच्या पुस्तकांतील कार्बन डायऑक्साइड) मिसळला’ हे अनुमान आहे. निरीक्षण बरोबर असून अनुमान चुकू शकते. म्हणून दोन्ही एका वाक्यात लिहिली, तर चुकीची जागा पुढे सापडत नाही.

याकरिता प्रयोगवहीचे पान मध्ये उभी रेघ मारून दोन भागांत विभागावे. डाव्या बाजूस ‘काय दिसले’ आणि उजव्या बाजूस ‘त्यावरून काय वाटते’ असे शीर्षक द्यावे. डावी बाजू प्रयोग चालू असतानाच भरून घ्यावी. तास संपल्यावर आठवून लिहू देऊ नये. डाव्या बाजूस ‘कारण’, ‘म्हणून’, ‘मुळे’ हे शब्द आले, तर तेथे अनुमान शिरले असे समजावे. ही खूण सातवीतील मुलांनाही चटकन कळते, आणि ती एकमेकांच्या वह्या या दृष्टीने उत्साहाने तपासतात.

निरीक्षणात आकडा असेल तर तो एककासह लिहावा. ‘पाणी बरेच चढले’ या वाक्याचा उपयोग नाही. ‘पाणी २ सेंटिमीटर ३ मिलिमीटर चढले’ असे वाक्य असावे. आकडा नसेल तेथे रंग, वास, बुडबुडे, उष्णता, आवाज व लागलेला वेळ यांचा क्रम लिहावा. काय आधी घडले व काय नंतर, हे पुष्कळ वेळा निर्णायक ठरते. पुढील प्रयोगात त्याचा प्रत्यय येईल.

२. मेणबत्तीचा प्रयोग व ‘पाचवा भाग’

परातीत पाणी घेऊन मध्यभागी मेणबत्ती उभी करतात, ती पेटवून वर काचेचा पेला उपडा घालतात. थोड्या वेळाने ज्योत विझते आणि पेल्यात पाणी चढते. यावरून पुष्कळ ठिकाणी असे सांगितले जाते की, पेल्यातील प्राणवायू जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, आणि पाणी पाचव्या भागापर्यंत चढले म्हणून हवेत प्राणवायू पाचवा भाग असतो. हवेत प्राणवायूचे प्रमाण १०० भागांत सुमारे २१ असते, ही गोष्ट खरी. तथापि या प्रयोगाने ती सिद्ध होत नाही. खरे विधान आणि त्याचा खरा पुरावा या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

हे पटण्यासाठी आधी घटनांचा क्रम पाहावा. प्राणवायू खर्च होण्यानेच पाणी चढत असते, तर ज्योत जळत असताना ते सावकाश चढले असते व ज्योत विझताच थांबले असते. वस्तुतः ज्योत जळत असेपर्यंत पाणी फारसे चढत नाही; ती मंदावून विझू लागली की ते झपाट्याने वर येते. शिवाय पेला ठेवताच काठाखालून हवेचे बुडबुडे बाहेर पडताना दिसतात. मुलांना पेल्याच्या काठाकडे पाहण्यास सांगितले नाही, तर हे बुडबुडे कोणाच्याच लक्षात येत नाहीत.

या दोन निरीक्षणांवरून कारणाचा माग लागतो. ज्योतीमुळे पेल्यातील हवा तापते, प्रसरण पावते व तिचा काही भाग बाहेर निघून जातो. ज्योत विझल्यावर उरलेली हवा निवते, आकुंचन पावते, आणि बाहेरील हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. याचे मान साध्या गणिताने काढता येते. हवेचे आकारमान निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलते. सेल्सियस अंशांत २७३ मिळविले की निरपेक्ष तापमान मिळते. पेल्यातील हवा २७ अंशांवरून सरासरी १०२ अंशांपर्यंत तापली असे समजू. निरपेक्ष तापमाने ३०० व ३७५ झाली. ती हवा पुन्हा २७ अंशांवर आली की तिचे आकारमान ३०० भागिले ३७५, म्हणजे चार पंचमांश उरते. प्राणवायूचा हिशेब मुळीच न करता पाचवा भाग रिकामा झाला! पाठ्यपुस्तकातील आकडा येथे योगायोगाने येऊ शकतो, तो असा.

आता प्राणवायूचा हिशेब पाहू. बंद भांड्यातील मेणबत्ती प्राणवायू पूर्ण संपेपर्यंत जळत नाही; १०० भागांत सुमारे १६ भाग उरले असतानाच ती विझते. म्हणजे २१ पैकी ५ भागच खर्च होतात. शिवाय मेण जळताना नवा वायू तयार होतो. मेणाच्या घटनेनुसार प्राणवायूचे ३८ भाग खर्च झाले की कर्बद्विप्राणिद वायूचे सुमारे २५ भाग निर्माण होतात. सोबत होणारी पाण्याची वाफ निवून पाणी होते. त्यामुळे ५ भागांच्या जागी सुमारे ३.३ भाग परत येतात आणि खरी घट १.७ भागांचीच होते. पेल्यात २५० मिलिलिटर हवा मावत असेल, तर ही घट सुमारे ४ मिलिलिटर भरेल. पाचवा भाग म्हणजे ५० मिलिलिटर. नवा वायू सगळाच्या सगळा पाण्यात विरघळला असे मानले, तरी घट साडेबारा मिलिलिटरांपुढे जात नाही. आणि प्रत्यक्षात तो इतक्या लवकर विरघळत नाही. उरलेले पाणी हवेच्या निवण्याने चढलेले असते.

वर्गात ही गोष्ट तीन सोप्या चाचण्यांनी दाखविता येते.

(अ) एकाच पेल्याखाली प्रथम एक व नंतर तीन मेणबत्त्या लावाव्यात. तीन लावल्यास पाणी अधिक चढते. पेल्यातील प्राणवायू तिप्पट झालेला नाही. उष्णता वाढली आहे.

(आ) पेला एकदा झटकन ठेवावा आणि एकदा ज्योतीवर दहा आकडे मोजेपर्यंत उपडा धरून मग ठेवावा. दुसऱ्या वेळी पाणी अधिक चढेल. हवा तीच असून उत्तर हाताच्या गतीनुसार बदलले.

(इ) मेणबत्ती न लावता पेला कोमट-गरम पाण्याने विसळून लगेच परातीतील थंड पाण्यात उपडा घालावा. काहीही जळालेले नसताना पाणी चढते. उकळते पाणी मात्र वापरू नये. साधी काच तडकून इजा होते.

तिसरी चाचणी विशेष महत्त्वाची आहे. ज्या कारणावर आपला संशय असतो ते काढून घेऊन बाकी सर्व तसेच ठेवणे, ही शास्त्रीय पडताळ्याची मुख्य रीत होय. ज्योत काढली तरी परिणाम राहिला. म्हणून तो परिणाम प्राणवायू जळाल्याचा पुरावा म्हणून चालणार नाही. जळण्याला हवा लागते आणि ती न मिळाल्यास ज्योत विझते, एवढे दाखविण्यासाठी मेणबत्तीचा प्रयोग उत्तम आहे. त्याच्याकडून मोजमापाचे काम घेऊ नये.

३. प्रमादांचे प्रकार

प्रमाद म्हणजे निष्काळजीपणा असे समजण्याची रूढी आहे. ती सोडली पाहिजे. आकडा चुकीच्या ओळीत लिहिणे किंवा परीक्षानळी सांडणे ही चूक झाली. काळजी घेतली की ती टळते. शास्त्रीय अर्थाने प्रमाद हा सावध माणसाच्या मोजमापातही असतो. त्याचे दोन मुख्य प्रकार शिक्षकांनी ध्यानी घ्यावेत.

पहिला प्रकार आकस्मिक प्रमादांचा. एकच लांबी पाच मुलांनी मोजली तर कोणाची थोडी अधिक, कोणाची थोडी कमी येते. हे फरक दोन्ही बाजूंना पडतात. म्हणून अनेक वाचने घेऊन सरासरी काढल्यास ते पुष्कळसे एकमेकांना छेदतात.

दुसरा प्रकार एकतर्फी प्रमादांचा. तराजूला पासंग असला, तर दाणे दहा वेळा जोखले तरी दहाही वेळा माप एकाच बाजूस चुकते. सरासरी काढून पासंग जात नाही. तो ओळखण्यासाठी रीत बदलावी लागते. पारडी आलटून पालटून जोखावे, म्हणजे तो उघडा पडतो. मेणबत्तीच्या प्रयोगातील तापलेली हवा हा असाच पासंग आहे. वर्गातील आठ गटांनी प्रयोग करून सरासरी काढली, तरी तो निघत नाही. मुलांची उत्तरे एकमेकांशी जुळली म्हणजे ती खरी ठरली, हा समज यामुळेच फसवा होय.

वाचनातील एक प्रमाद नेहमी आढळतो. मोजपात्रातील पाण्याचा पृष्ठभाग काठांशी वर चढलेला व मध्ये खोलगट असतो. वाचन त्या खोलगट भागाच्या तळाशी, डोळा त्याच पातळीत आणून घ्यावे. डोळा वर असेल तर आकडा जास्त दिसतो. खाली असेल तर कमी. मोजपात्र बाकावर असताना उभ्याने वाचणारी मुले सर्वच आकडे जास्त वाचतात. तेव्हा हाही एक पासंगच. मोजपात्र सपाट जागी ठेवून मुलाने वाकावे. मोजपात्र हातात उचलून डोळ्यासमोर धरू नये, कारण ते तिरपे होते.

४. मोजमापासाठी अधिक विश्वसनीय प्रयोग

हवेतील प्राणवायूचे प्रमाण मोजण्यास लोखंडाचे गंजणे उपयोगी पडते. गंज चढताना प्राणवायू खर्च होतो, त्याच्या जागी दुसरा वायू येत नाही, आणि ज्योतीप्रमाणे हवा तापत नाही. क्रिया मंद असल्याने तीन-चार दिवस लागतात.

कृती : लोहाराकडून कानशीने निघालेला लोखंडाचा कीस आणावा. त्याला तेल लागलेले असल्यास धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन काढावे. सुमारे १५ सेंटिमीटर लांबीच्या दोन सारख्या परीक्षानळ्या आतून ओल्या कराव्यात. एकीत कीस घालून नळी फिरवावी, म्हणजे तो बाजूंना चिकटेल. दुसरीत काहीही घालू नये. दोन्ही नळ्या एकाच परातीतील पाण्यात उपड्या उभ्या करून आधार द्यावा व आरंभीची पातळी दोऱ्याने खुणावी. दररोज एकाच ठरावीक वेळी पातळी मोजून लिहावी. लागोपाठ दोन दिवस ती बदलली नाही, की क्रिया पूर्ण झाली असे समजावे. परातीतील पाणी आटत असल्यास भर घालावी.

कीस असलेल्या नळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर, म्हणजे पाचव्या भागाच्या आसपास चढेल. भांडी घासण्याची चकचकीत तारेची घासणी या कामी घेऊ नये. ती बहुधा न गंजणाऱ्या पोलादाची असते. तशी घासणी घेऊन ‘पाणी चढत नाही’ असे आढळले, तर निरीक्षण खरे असून साहित्य चुकीचे होते असे म्हणावे लागेल.

रिकामी नळी कशासाठी, हे मुलांना आधी सांगू नये. त्यांच्याकडूनच काढून घ्यावे. प्रयोग दुपारी ३५ अंश तापमानात मांडला आणि वाचन सकाळी २० अंशांत घेतले, तर निरपेक्ष तापमान ३०८ वरून २९३ वर आले. हवा शंभरात सुमारे पाच भाग आकसली. पंधरा सेंटिमीटरांच्या नळीत हा फरक ७ मिलिमीटरांचा होतो, आणि तो रिकाम्या नळीतही तेवढाच दिसतो. ज्या वर्गाने दुसरी नळी ठेवली नाही तो वर्ग हे ७ मिलिमीटर प्राणवायूच्या खाती जमा करील. जोडीच्या रिकाम्या नळीत जे घडते ते वजा करून उरेल तेच लोखंडाचे काम समजावे.

प्रमाद किती मोठा, हेही पाहिले पाहिजे. नळीत ३ सेंटिमीटर पाणी उभे राहिल्याने आतील हवेवरचा दाब किंचित कमी होतो, व ती तेवढी पसरते. बाहेरील हवेचा दाब सुमारे १,००० सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. म्हणजे हा फरक हजारात ३ भागांचा. नळीत तो अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी भरतो. पट्टीवर मुलांना तो वाचताही येणार नाही. असा प्रमाद नोंदवून सोडून द्यावा. ७ मिलिमीटरांचा प्रमाद मात्र सोडता येत नाही. नळीचे बूड गोल असल्याने लांबीवरून काढलेले प्रमाणही थोडे चुकते. वेळ असल्यास खुणेपर्यंत पाणी भरून ते मोजपात्राने मोजावे.

५. ‘न जमलेले’ प्रयोग

पुढील चार प्रसंग शाळांतून वारंवार येतात. प्रत्येकात मुलाचे निरीक्षण बरोबर असते, आणि तरीही वहीवर फुली पडण्याचा संभव असतो.

निवळी पुन्हा स्वच्छ होणे : खाण्याचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवल्यास वर निवळी मिळते. तीत पपईच्या वाळलेल्या पोकळ देठाने श्वास फुंकला की ती दुधाळ होते. मुलाने फुंकर तशीच चालू ठेवली, तर काही वेळाने दुधाळपणा कमी होऊन निवळी पुन्हा स्वच्छ होऊ लागते. ‘आधी पांढरी झाली, मग पांढरेपणा गेला’ असे लिहिणारा मुलगा अचूक आहे. प्रथम तयार झालेली न विरघळणारी चुनखडी अधिक वायूमुळे विरघळणाऱ्या पदार्थात बदलते. निवळी उघडी ठेवल्यास हवेतील वायूमुळे तिच्यावर पांढरी साय धरते. म्हणून फुंकण्यापूर्वी ती स्वच्छ होती की नाही, हेही लिहून घ्यावे. निवळी ओढली जाऊ नये व डोळ्यांत उडू नये याची दक्षता घ्यावी.

खडूवर बुडबुडे न येणे : खडूवर लिंबाचा रस टाकल्यास बुडबुडे येतात, असे पुस्तकांत असते. ते चुनखडीच्या खडूविषयी खरे आहे. फळ्यावर लिहिण्याचे पुष्कळ खडू जिप्समचे असतात. त्यांवर आम्लाने बुडबुडे येत नाहीत. ‘बुडबुडे आले नाहीत’ असे लिहिणाऱ्या मुलास तीच कृती अंड्याच्या टरफलावर किंवा शहाबादी फरशीच्या तुकड्यावर करावयास द्यावी. शहाबादी फरशी चुनखडकाची असते. नाव एक व पदार्थ दोन, ही गोष्ट त्याला स्वतःच्या हाताने कळेल.

हळदीचा न बदललेला रंग : हळदीचा कागद चुन्याच्या निवळीत किंवा साबणाच्या पाण्यात तांबडा होतो. लिंबाच्या रसात तो पिवळाच राहतो, आणि साध्या पाण्यातही पिवळाच राहतो. म्हणून ‘रंग बदलला नाही, अर्थात पदार्थ आम्ल आहे’ हे अनुमान टिकत नाही. बदल न दिसणे हेही निरीक्षणच. पण त्यावरून किती म्हणता येईल याची मर्यादा राखावी.

उकळत्या पाण्याचे तापमान १०० न येणे : पाणी १०० अंशांवर उकळते हे विधान समुद्रसपाटीवरील दाबापुरते आहे. सुमारे ३०० मीटर उंचीमागे उत्कलनबिंदू अदमासे १ अंश उतरतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तेथे पाणी ९८ अंशांच्या जवळपास उकळते. महाबळेश्वर १,३०० मीटरांहून उंच आहे. तेथे ते ९६ अंशांच्याही आत उकळते. घाटमाथ्यावरील शाळेत मुलाने ९८ लिहिले आणि शिक्षकाने ते १०० केले, तर तेथील पाण्याविषयी मुलगाच अधिक विश्वसनीय ठरतो. अर्थात तापमापकही दोषी असू शकतो. तो वितळत्या बर्फात धरून शून्य दाखवितो का, हे एकदा पाहून ठेवावे.

६. शास्त्रज्ञांनी लिहिलेले आकडे

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए याने हवेच्या घटनेचा जो प्रसिद्ध प्रयोग केला, त्याचे वर्णन त्याच्या १७८९ च्या ग्रंथात आहे. बंद हवेच्या सान्निध्यात त्याने पारा बारा दिवस तापविला. आरंभी हवा सुमारे ५० घन इंच होती. अखेरीस ४२ ते ४३ घन इंच उरली. ही घट पाचव्या भागाची नसून सहाव्या-सातव्या भागाची आहे. आजच्या पुस्तकातील आकड्याशी ती जुळत नाही, म्हणून त्या प्रयोगाचे महत्त्व कमी झाले नाही. पाऱ्यावर जमलेली तांबडी भुकटी पुन्हा तापवून त्याने ७ ते ८ घन इंच वायू परत मिळविला आणि जेवढे गेले तेवढेच आले, हे दाखविले. ‘४२ ते ४३’ असे लिहिण्यातला प्रामाणिकपणाही पाहण्यासारखा आहे. आपल्या मोजण्यात कितीसा संदेह आहे, हे त्याने आकड्यातच सांगून टाकले.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधील लॉर्ड रॅले यांचे. हवेतून प्राणवायू काढून उरलेला नत्रवायू त्यांनी एका ठरावीक गोलकात भरून जोखला; त्याचे वजन सुमारे २.३१० ग्रॅम भरले. रासायनिक संयुगांपासून तयार केलेला नत्रवायू त्याच गोलकात सुमारे २.२९९ ग्रॅम भरला. फरक अवघा शेकडा अर्ध्या भागाचा. वजनातला दोष म्हणून तो सोडून देणे सोपे होते. परंतु पुनःपुन्हा जोखले तरी फरक त्याच बाजूस पडत होता, आणि तो मोजमापातील संदेहाहून पुष्कळ मोठा होता. रॅले यांनी १८९२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे कोडे प्रसिद्ध करून इतरांचे साह्य मागितले. पुढे विल्यम रॅम्से यांच्यासह केलेल्या शोधातून १८९४ मध्ये हवेतील एक नवा वायू जाहीर झाला, तोच आर्गॉन. हवेत तो शेकडा सुमारे ०.९३ भाग आहे. १९०४ साली रॅले यांस भौतिकीचे व रॅम्से यांस रसायनाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

याच्या शंभरहून अधिक वर्षे आधी, १७८५ मध्ये, हेन्री कॅव्हेंडिश यांस नत्रवायूवरील प्रयोगात एक लहानसा बुडबुडा शेवटपर्यंत शिल्लक राहिलेला दिसला होता. तो नत्रवायूच्या एकशेविसाव्या भागाहून अधिक नाही, असे त्यांनी नोंदवून ठेवले. त्यांना त्याचा अर्थ लागला नाही. पण त्यांनी तो खोडला नाही. ती नोंद पुढल्या पिढीच्या कामी आली.

७. वही तपासताना

(१) डाव्या बाजूच्या निरीक्षणावर, ते पुस्तकाशी जुळत नाही एवढ्याच कारणाने फुली मारू नये. शंका असल्यास ‘पुन्हा करून पाहा’ असा शेरा द्यावा व तशी संधी द्यावी.

(२) सर्व गटांचे आकडे फळ्यावर जसेच्या तसे मांडावेत. सर्वांत वेगळा आकडा आलेल्या गटास आपली कृती सांगण्यास प्रथम बोलवावे. त्यात दटावणीचा सूर नसावा.

(३) प्रत्येक प्रयोगाखाली ‘कोठे चूक शिरली असेल’ हा मथळा ठेवावा. ‘काळजी घेतली नाही’ असे मोघम उत्तर स्वीकारू नये. कोणत्या पायरीवर, कोणत्या दिशेने व अंदाजे किती, ही तीन उत्तरे मागावीत.

(४) बरोबर उत्तरापेक्षा खऱ्या नोंदीस अधिक गुण द्यावेत, आणि तसे मुलांना आधी सांगावे.

(५) आकडा खोडावयाचा असल्यास एक रेघ ओढावी. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. रबर वापरू देऊ नये.

(६) कारण न समजल्यास शिक्षकाने ‘हे आपण शोधू’ असे म्हणावे. तेवढ्याने वर्गातील मान कमी होत नाही. वेळ मारून नेण्यासाठी दिलेले कारण मात्र मुले पुष्कळ वर्षे खरे मानून चालतात.

केंद्रसंमेलनापूर्वी करून पाहावयाच्या गोष्टी

१. मेणबत्तीच्या तिन्ही चाचण्या करून पाणी किती चढले याचे कोष्टक करावे.

२. लोखंडाच्या किसाचा प्रयोग रिकाम्या नळीसह मांडून रोजची पातळी व तापमान नोंदवावे. एका वर्गाने वाचन सकाळी, दुसऱ्याने दुपारी घ्यावे आणि दोन्ही कोष्टके ताडून पाहावीत.

३. शाळेत मिळणारा खडू, अंड्याचे टरफल, फरशीचा तुकडा व भिंतीच्या चुन्याचा पोपडा यांवर लिंबाच्या रसाचा थेंब टाकून काय दिसते ते लिहावे. अनुमान दुसऱ्या दिवशी लिहावे.

४. मागील वर्षाच्या प्रयोगवह्या काढून डाव्या बाजूस शोभतील अशी वाक्ये किती व उजव्या बाजूची किती, हे मोजावे. एकाच वर्गाच्या सर्व वह्यांत एकच आकडा आढळल्यास तो मुलांनी मोजला की फळ्यावरून उतरविला, याचा शोध घ्यावा.

संमेलनास येताना ही कोष्टके जशी आली तशीच आणावीत. सुवाच्य करण्यासाठी पुन्हा उतरवून काढू नयेत.